रेघ खरी, पण उजेड?

जळगावहून उत्तरेला सातपुडा किंवा धुळ्याहून लळिंगचा डोंगर पाहा. उन्हाळ्यात तो फिकट, सपाट दिसतो. पाऊस पडून हवेतली धूळ खाली बसली, की तोच डोंगर जवळ आल्यासारखा वाटतो. मधल्या हवेने आणि धुळीने विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो व डोंगराची गडद छटा पांढुरकी होते. म्हणून चित्रकलेच्या तासाला आपण सांगतो : दूरचे फिकट काढा.

एका शिबिरात एका मुलाने लांब व्हरांड्याचे दूरचे टोक काळे केले होते. हाच नियम सांगून आम्ही ते खोडायला लावले. चूक आमची होती. हे उमगले ते अजिंठ्याच्या एका चित्रामुळे.

जेम्स फर्ग्युसन १८३९ साली अजिंठ्याला गेले. दहाव्या लेण्याच्या अंतर्भागाचे त्यांचे रेखाटन टी. सी. डिब्डिन यांनी शिळाछापासाठी दगडावर उतरवले. ते १८४५ च्या ग्रंथात छापले गेले. खांबांच्या दोन रांगा लहान लहान होत जातात आणि नजर स्तूपावर थांबते. खोलीचा भास उत्तम साधला आहे. पण तो हवेमुळे नाही. लेणे जेमतेम तीस मीटर लांब. एवढी हवा काहीच फिकट करू शकत नाही. उजेड येतो दर्शनी बाजूने आणि आत जावे तसा घटतो. म्हणजे येथे दूरचे गडद व्हायला हवे!

फर्ग्युसन रेखाटनासाठी कॅमेरा लुसिडा वापरत. त्यातील लोलकामुळे समोरचे दृश्य आणि पेन्सिलीचे टोक एकाच वेळी दिसतात. रेघ कोठे काढायची हे कळते. ती किती गडद काढायची हे मात्र हातालाच ठरवावे लागते. येथे तर हात दोन, एक लेण्यातला आणि एक छापखान्यातला. शिवाय भग्न वास्तू आणि गूढ अंधार यांची त्या स्वच्छंदतावादी काळाला ओढ होती. म्हणून या चित्रातील रेघा आम्ही पुरावा मानतो. छटांना मात्र चित्रकारांचे मत समजतो. चित्राची मोहिनी त्याने कमी होत नाही.

अजिंठ्याची सहल निघाली, तर मुलांच्या हाती पेन्सिल द्या. दाराशी उभे राहून कितव्या खांबापासून कडा पुसट होतात ते मोजू द्या. मग स्तूपाजवळून दाराकडे पाहायला सांगा. तेच खांब आता उजेडापुढे काळे दिसतील. नियम नंतर सांगा, आधी पाहू द्या.