तासेल यांचे घर

ब्रुसेल्समधील प्राध्यापक तासेल यांचे घर वास्तुशिल्पी व्हिक्टर होर्ता यांनी १८९३ साली बांधले. दर्शनी भाग दगडी, शेजारच्या घरांत मिसळणारा. मला तो जरा जास्तच सोज्वळ वाटतो. खरी करामत आत, जिन्यापाशी. कारखान्यात किंवा आगगाडीच्या स्टेशनात शोभावा असा लोखंडी खांब त्यांनी राहत्या घरात आणला आणि झाकला नाही. उलट त्याच्या माथ्याला वेलीसारखे फाटे फोडले. तीच वळणे कठड्यावर, भिंतीच्या रंगकामात आणि खाली फरशीवर उतरली आहेत. वरून काचेतून उजेड येतो. याला नुसती नटवानटवी म्हणणे अन्याय होईल. ही नक्षी खांबावर चिकटवलेली नाही, त्यातूनच उगवली आहे. हे घर २००० साली युनेस्कोच्या यादीत गेले. होर्तांनीच कामगारांसाठी बांधलेले लोकगृह मात्र १९६५ साली पाडण्यात आले.