गोंडी गाणं, मराठी गळा

आदिलाबादच्या परधानांचं गाणं कोणत्या खान्यात टाकायचं, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाचा वाटतो. प्रत्यक्षात तो पोटापाण्याचा आहे. परधान हे राजगोंडांचे परंपरागत कथेकरी. पहांदी कुपार लिंगोनं देवांना गुहेतून कसं सोडवलं, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची वाटणी कशी झाली, कोणत्या कुळाचा देव कुठून आला, हे सगळं गोंडांनी पिढ्यानपिढ्या ऐकलं ते परधानांच्या तोंडून आणि किकरीच्या साथीनं. कथा गोंडीत. पण आदिलाबादच्या परधानांची घरातली भाषा मराठी. ही आजची गोष्ट नाही. 1940 साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारनं गोंडांची स्थिती समजून घ्यायला क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाची मदत घेतली. तो मारलवाईत झोपडी बांधून राहिला आणि त्याच्याही नोंदीत हे आलं आहे. बायकोशी मराठीत भांडायचं, लेकराला मराठीत झोपवायचं आणि यजमानाच्या अंगणात बसून गोंडीत विश्वाची उत्पत्ती गायची, असा हा दुहेरी संसार.

आता याला काय म्हणाल? मराठी लोकसंगीतावरची पुस्तकं उघडा. गोंधळ, भारूड, पोवाडा, लावणी, वासुदेव, जात्यावरच्या ओव्या, सगळं सापडेल. परधान सापडलाच तर शेवटच्या 'आदिवासी' प्रकरणात, तोही विदर्भातला. कारण सरळ आहे, तो गातो ते मराठी नाही. दुसरीकडे गोंडी भाषेची अस्मिता आता जोरात आहे, आणि ती असायलाच हवी. पण तिथं या गाण्याला 'गोंडी संगीत' म्हटलं की गाणं यजमानाच्या नावावर चढतं आणि गाणारा साथीदार होऊन बसतो. सरकारी यादीचा तिसराच न्याय. तेलंगणच्या अनुसूचित जमातींत गोंड वेगळे, परधान वेगळे, तोटी वेगळे. तोटीही गोंडांचेच कथेकरी, तेही किकरी वाजवतात. गाण्यानं ज्यांना एका अंगणात बसवलं त्यांना यादीनं तीन ओळींत बसवलं.

किकरी जवळून पाहिली तर या वर्गवारीचा फोलपणा लवकर कळतो. लाकडाचं कोरीव पोट, त्यावर ताणलेलं कातडं, तीन तारा आणि गज. सारंगीच्या गोतातलं वाद्य, पण सारंगीचा लडिवाळपणा तिच्यात नाही. आवाज खरखरीत, थोडा नाकातला, आणि गाणाऱ्याच्या गळ्याला घासत जाणारा. मैफलीतल्या साथीत वाद्य गळ्याच्या मागून येतं. इथं कथेकरी श्वास घेतो तेव्हा किकरी ती ओळ पुढं नेते, आणि कथेत लढाई किंवा प्रवास आला की गज तोकडा होऊन तारांवर नुसता ठोके देत राहतो. ऐकणाऱ्यांत म्हातारी माणसं असतात, ती मधेच हुंकार भरतात, एखादं कुळ गळलं तर टोकतात. स्वरांपेक्षा वंशावळीची चूक इथं मोठी. मग हे संगीत आहे, इतिहास आहे की पूजा? विचारणाऱ्याची सोय म्हणून तीन शब्द आहेत, गाणाऱ्याला त्यांची गरज पडलेली नाही. त्याच्या लेखी महत्त्वाचं एवढंच की हा माझा यजमान, हे त्याचं कुळ आणि आज लग्न आहे, मयत आहे की देवकार्य. गाण्याचा प्रकार ठरतो तो प्रसंगावरून.

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत हे अजून दिसतं. पौष अमावास्येच्या आधी मेश्राम कुळाची माणसं पायी गोदावरीचं पाणी आणायला जातात, परतून वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात, मग रात्री महापूजा. या साऱ्यात परधानाची जागा ठरलेली आहे. पेपरे वाजतं, कालिकोम फुंकला जातो, ढोल असतो. महाराष्ट्रातून किनवट, यवतमाळ, चंद्रपूरची माणसं येतात आणि जत्रेत मराठी सर्रास कानावर पडते. यात नवल काही नाही. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं भाषेवर वाटली तेव्हा दोन्ही नांदेडला जोडले, 1959 मध्ये राजुरा चांद्याला गेला. 2016 मध्ये उरलेल्या आदिलाबादचेही चार जिल्हे झाले आणि मारलवाई एका रात्रीत कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. जिवतीच्या डोंगरातली काही मराठी गावं तर अजून दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत आहेत. अशा मुलखातल्या गाण्याला राज्याचं किंवा भाषेचं लेबल लावणं म्हणजे पैनगंगेच्या पाण्यावर सातबारा काढणं.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं उदाहरण आहे ते नाट्यसंगीताचं. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मधली 1882 ची पदं कीर्तन, साकी-दिंडी आणि कानडी चालींवर उभी होती. 1911 च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाची ठुमरी-दादरा आणला. 1916 च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारी दिली आणि 1964 च्या 'मत्स्यगंधा'त जितेंद्र अभिषेकींनी गाणं पुन्हा निराळ्या वाटेनं नेलं. आतला माल तीन वेळा बदलला, पाटी मात्र तीच राहिली, कारण पाटी रंगमंचाची होती. आदिलाबादेत माल टिकला आणि पाट्या बदलत गेल्या. हायमेनडॉर्फच्या लेखी ती मौखिक महाकाव्यं होती, आकाशवाणीच्या लेखी लोकसंगीत, महोत्सवाच्या लेखी आदिवासी कला. तिन्ही ठिकाणी पाटी लावणारा गावाबाहेरचा. अमेरिकेतही 1920 च्या दशकात तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्या आणि काळ्या गायकांची एकमेकांत मिसळलेली गाणी दोन वेगळ्या याद्यांत घातली. कारण संगीताचं नव्हतं, गिऱ्हाइकाच्या कातडीचं होतं. 1949 मध्ये 'बिलबोर्ड'नं 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव टाकून 'रिदम अँड ब्लूज' घेतलं, आणि पुढच्या पिढीला तो स्वरांनी ठरलेला प्रकारच वाटू लागला. दुकानाच्या फळीवरची चिठ्ठी अशी शास्त्र बनते.

गुसाडीचं तेच झालं. दिवाळीच्या सुमारास दंडारीची टोळी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी जाते. तिच्यात गुसाडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप, अंगाला राख, खांद्यावरून हरणाचं कातडं, कमरेला घुंगरं, हातात काठी. सोबत ढोल, गुमेला, परा, पेपरे. एत्मासुर या देवाचं हे व्रत आहे. त्या दिवसांत गुसाडी आंघोळ करत नाही, लोक त्याला देव समजून वागवतात. हाच गुसाडी दिल्लीच्या पथसंचलनात गेला, मग स्वागत समारंभांत, मंत्र्यांच्या हेलिपॅडवर. आता वर्षात कधीही बोलावणं येतं आणि टोप पेटीतून निघतो. मारलवाईच्या कनक राजूंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती या नृत्याचे गुरू म्हणून. 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या सन्मानाबद्दल दुमत असायचं कारण नाही, आयुष्यभर त्यांनी पोरं तयार केली. पण 'गुसाडी नृत्य' हा शब्द रुळला तसं दंडारीतलं बाकीचं, म्हणजे गाणी, सोंगं, पाहुणचार, वाजवणारे, हे पार्श्वभूमीला गेलं. फोटोत मोरपिसं येतात. पेपरे फुंकणाऱ्याचे फुगलेले गाल फोटोच्या कडेला कापले जातात.

सिनेमाचा अनुभव आणखी बोलका. 2022 च्या 'आर आर आर'मध्ये भीमाला चाबकानं फोडतात तेव्हाचं गाणं देशभर गाजलं, कालभैरव या गायकाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं ताकदीचं आहे. पण माझ्या कानाला ते तेलुगू लोकगीताच्या वळणाचं भव्य चित्रपटगीत आहे. आदिलाबादच्या गोंडाचं नाव आलं आणि गाणं आलं नाही. तरीही उद्या परप्रांतातला श्रोता 'गोंडी गाणं' म्हणून तेच दाखवील.

मग डीजेचं काय? शुद्धतावाद्यांचा राग तिथं जास्त असतो. उटनूर, इंद्रवेल्ली, किनवट भागातल्या लग्नांत आता ढेमसा डीजेवर नाचतात. यूट्यूबवर गोंडी डीजे रिमिक्सचा पूर आहे. कीबोर्ड, पॅड, छातीत घुमणारा बास, वर एखादी जुनी चाल आणि मधेच ध्वनिमुद्रकाचं नाव ओरडून सांगणारा आवाज. बऱ्याचशा रचना सुमार आहेत, हे कबूल. पण लग्नात पायाकडे बघा. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात, रिंगण उलट्या दिशेनं, घड्याळाच्या विरुद्ध फिरतं. ठेका यंत्रानं कितीही सरळ केला तरी पाय आपला जुना हेलकावा सोडत नाहीत. नाव बदललं, वाद्य बदललं आणि चाल पायांत राहिली. इथं डीजे म्हणजे ऱ्हास असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आंबेडकरी भीमगीतांचा प्रवास याच मुलखात आपण पाहिला आहे. जलशांतून आलेली वामनदादा कर्डकांच्या काळची रचना कव्वालीच्या ठेक्यावर गेली, प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्यातून घराघरांत पोचली, आणि आज 14 एप्रिलला ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून वाजते. तिला कोणी लोकसंगीत म्हणत नाही, कोणी सुगम म्हणत नाही. तिचं काही बिघडलं नाही, कारण तिचा श्रोता तिच्याबरोबर चालत आला.

परधानाचं दुखणं नेमकं इथं आहे. त्याचा श्रोता म्हणजे त्याचा यजमान. धान्य, पैसा, कधी जनावर देऊन त्याला पोसणारं एक ठरावीक घर. शेती कापसावर गेली, जमिनी गेल्या, यजमानाचा मुलगा आश्रमशाळेत शिकून नोकरीला लागला. तेराव्याला रात्रभर बसून कुळकथा ऐकणारे कमी झाले. डीजे आला नसता तरी हे झालंच असतं. किकरीची गळचेपी नव्या वाद्यांनी केलेली नाही, तिच्यापुढं बसणारं अंगण ओस पडलं.

मध्य प्रदेशातल्या परधानांना एक पळवाट मिळाली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकारानं जनगढ सिंह श्याम पाटणगढहून भोपाळच्या भारत भवनात आला. बाणा वाजवणाऱ्या घराण्यातल्या या पोरानं कथा कागदावर उतरवल्या. 2001 मध्ये जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला, पण त्याच्या रंगरेषेला 'जनगढ कलम' हे नाव मिळालं. हे लेबल मला वेगळं वाटतं. जमातीचं नाही, भाषेचं नाही, ज्यानं केलं त्याचं. त्याच्या भावकीतली कितीतरी माणसं त्या नावावर चित्रं विकून जगली. बाजारानं त्यांच्याही चित्रांना पुढं सरसकट 'गोंड पेंटिंग' करून टाकलं आणि 'परधान' पुन्हा कंसात गेला, तो भाग निराळा. आदिलाबादच्या किकरीला असा एकही गळा नावानिशी बाहेर माहीत नाही.

म्हणून लेबलं निरर्थक, हा संगीतप्रेमींचा लाडका निष्कर्ष मला पटत नाही. श्रोत्याला ती नको असतील, गाणाऱ्याला लागतात. सरहद्दीच्या अलीकडे महाराष्ट्र सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. 2024 पासून तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि रक्कम महिना 5,000 रुपये. मागणाऱ्यानं आपली कला कोणती ते सांगावं लागतं. शाहीर लिहितो शाहीर, भजनी लिहितो भजन, तमाशातली बाई लावणी लिहिते. किनवटच्या डोंगरातल्या किकरीवाल्या म्हाताऱ्यानं काय लिहायचं? लोकगीत लिहिलं तर भाषा विचारतील, आदिवासी नृत्य लिहिलं तर तो नाचत नाही, आणि नुसतं किकरी लिहिलं तर समोरचा विचारणार, म्हणजे काय. त्याच्याबरोबर आलेला नातू तोवर मोबाइलवर आजोबांचा व्हिडिओ काढून दाखवतो. खाली शीर्षक त्यानंच दिलेलं असतं, गोंडी, मराठी, आदिवासी, तेलुगू, जे शोधलं जाईल ते सगळं, एकापुढं एक.