फलकाचा वाचक कोण?

आपल्याकडे समीक्षा चित्राची होते, शिल्पाची होते, क्वचित भित्तिपत्रकाचीही होते. रेल्वेच्या पाटीची होत नाही. पाटी ही कला नव्हे, ती सोय आहे, असे मानले जाते. आणि सोयीबद्दल फार तर तक्रार करायची असते, चर्चा करायची नसते. मला हा भेद मान्य नाही. जे चित्र लाखात एखादा माणूस पाहतो त्याला आपण सौंदर्यशास्त्र लावतो, आणि जी पाटी रोज हजारो माणसे वाचतात किंवा वाचू शकत नाहीत, तिला कोणतेच शास्त्र लावत नाही. आपली अभिजनवादी सवय यात उघडी पडते.

हा विषय सुचला तो एका पुस्तकामुळे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मासिमो विन्येली आणि बॉब नूर्दा या दोघा संकल्पकांनी १९७० साली फलकांचे एक नियमपुस्तक तयार केले. अक्षराचे वळण कोणते, बाण कसा काढायचा, दोन शब्दांत अंतर किती ठेवायचे, पत्रा किती लांबीचा, असे सगळे त्यात ठरवून दिलेले आहे. २०१४ मध्ये लोकवर्गणी जमवून त्याच्या पुनर्मुद्रणाचे काम हाती घेण्यात आले आणि तेव्हापासून ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलांत ते पोथीसारखे मानले जाते. आमच्या वस्त्यांतली मुलेही आता उपयोजित कला शिकतात. त्यांच्या हातीही ही पोथी पडते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पोथी कोणतीही असो, ती कोणाला समोर ठेवून लिहिली आहे हे विचारण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे. म्हणून तोच प्रश्न घेऊन मी पालघर-बोईसरच्या फलाटांवर हे पुस्तक ताडून पाहू इच्छितो.

आधी त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. नूर्दाने कागदावर रेघ ओढण्यापूर्वी माणसे स्थानकात कशी चालतात, कुठे थबकतात, कुठे वळतात हे पाहिले. त्यातून त्याने काढलेले तत्त्व असे की माहिती निर्णयाच्या जागी द्यावी. तिच्या आधी नको आणि नंतरही नको. हे तत्त्व समजायला न्यूयॉर्कला जावे लागत नाही. बोईसरचा पादचारी पूल चढून माणूस वर आला की त्याला एकच गोष्ट ठरवायची असते: पश्चिमेला उतरायचे की पूर्वेला. पश्चिमेला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि पुढे समुद्र. पूर्वेला चिल्हार फाट्यावरून अहमदाबादच्या हमरस्त्याला मिळणारा रस्ता. बाणाची जागा ती, पुलाच्या माथ्यावरची. दहा पावले पुढे लावलेला बाण कितीही देखणा असला तरी तो चुकलेल्या माणसाला तू चुकलास एवढेच सांगतो.

दुसरा धडा रंगाचा. भारतीय रेल्वेची नावाची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. या जोडीइतका दुरून उठून दिसणारा विरोध रंगपेटीत क्वचितच सापडतो. पावसाच्या झडीत, संध्याकाळच्या धुरकट उजेडात, धावत्या गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसालाही ती पाटी दिसते.

तिसरा धडा अक्षराचा, आणि इथे पोथी आपल्याला सोडून देते. जॉक किनेर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांसाठी फलक केले तेव्हा नुसत्या मोठ्या रोमन अक्षरांऐवजी मोठी-लहान अक्षरे मिसळून वापरली. कारण असे की वेगात जाणारा माणूस सुटे अक्षर वाचत नाही, शब्दाची आकृती ओळखतो. नागरीत मोठे-लहान अक्षर नाही. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एका दांडीवर टांगते, आणि शब्दाची आकृती ठरते ती त्या दांडीच्या वर आणि खाली जे काही होते त्यावरून. आता विरारहून निघा. 'वैतरणा'वर दोन मात्रा आहेत. 'केळवे'वर दोन ठिकाणी एकेक. 'उमरोळी'च्या शेवटी मात्रा आणि वेलांटी शेजारी शेजारी. 'बोईसर'च्या डोक्यावर सुरुवातीलाच गर्दी आणि मग सपाट. 'डहाणू'ला खाली उकार. आणि 'पालघर' वरून खालून सपाट, जिल्ह्याचे ठाणे असूनही. म्हणजे नागरी फलकात ओळीच्या वर आणि खाली मोकळी जागा सोडणे ही सजावट नव्हे, तिथेच वाचन घडते. रोमन ओळीची उंची मोजून तेवढ्याच पट्टीत नागरी कोंबणारा संकल्पक मात्रा चेपतो आणि नाव पुसतो. विन्येलीच्या पुस्तकात याबद्दल एक ओळ असण्याचे कारण नाही. आपल्या शिक्षकांच्या टिपणांत मात्र ती असायला हवी.

आणखी एक. पाटीवर नाव तीन भाषांत लिहिण्याची पद्धत आहे: मराठी, हिंदी, इंग्रजी. पण मराठी आणि हिंदी या दोन्हींची लिपी एकच. 'पालघर' दोनदा लिहिले तरी डोळ्याला एकच आकृती दोनदा दिसते. वलसाड-उंबरगावकडून येणाऱ्या, फक्त गुजराती वाचणाऱ्या बाईला किंवा कारखान्यात कामाला आलेल्या, फक्त उडिया वाचणाऱ्या पोराला या दोन ओळींतून एका ओळीइतकेही मिळत नाही. आणि जिला कोणतीच लिपी येत नाही तिला तिन्ही ओळी सारख्याच.

इथे कोणी म्हणेल, त्यात काय, विचारावे शेजारच्याला. माझा सगळा मुद्दा या 'विचारावे'पाशी आहे.

१९०१ साली बाबासाहेब लहान असताना भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे कोरेगावला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चांगल्या कपड्यांतली मुले पाहून चौकशी केली, ती महाराची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे व आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे. मी ती वेगळ्या कारणासाठी आठवतो. मसूरच्या पाटीने त्या मुलांना स्थानकाचे नाव सांगितले आणि बदल्यात काही विचारले नाही. 'तुम्ही कोण?' हे माणसाने विचारले. आमच्या लोकांना गावात वाट विचारणे म्हणजे आधी स्वतःची ओळख देणे होते. कोणाचा, कुठल्या वाड्याचा, हे सांगितल्यावर उत्तर मिळायचे किंवा मिळायचे नाही. ज्या समाजात विचारण्याची किंमत मोजावी लागते तिथे न विचारता वाट सापडणे ही नुसती सोय राहत नाही. ती प्रतिष्ठा असते. सार्वजनिक फलकाचे मोल मी या मापाने मोजतो: त्याने किती माणसांना विचारण्यातून सोडवले?

अर्थात पाटी जन्मतःच समतावादी असते असे नाही. इंग्रजी अमलात याच रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा पाट्या होत्या. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नावाची पाटी निरुपद्रवी नसते हे शासनानेच मान्य केले. म्हणून 'मानक' या शब्दाकडे मी तुच्छतेने पाहत नाही. गावगाड्यात प्रत्येकाला वेगळा नियम होता; मानक म्हणजे सर्वांना एकच नियम. आपली तक्रार मानकाविरुद्ध नाही. ते कोणत्या वाचकाच्या मापाने कापले आहे, याबद्दल आहे.

न्यूयॉर्कच्या पुस्तकाने गृहीत धरलेला वाचक साक्षर आहे. या देशाने एकदा वेगळे गृहीत धरून पाहिले आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती, आणि त्याच सुमारास सर्व प्रौढांना मत मिळाले. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले गेले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. ज्या म्हातारीला 'अ' येत नव्हता तिलाही हत्ती येत होता. पुढे निवडणूक आयोगाचे एम. एस. सेठी नावाचे आरेखक १९९२ साली निवृत्त होईपर्यंत ही चिन्हे पेन्सिलीने काढत राहिले. दृश्य-ओळखीचा एवढा मोठा आणि एवढा यशस्वी प्रयोग जगात फारसा झालेला नसेल. आणि तो आपल्या कलाशाळांत धडा म्हणून शिकवला जावा, असे किती जणांना वाटते?

रेल्वेत हे जमत नाही असे म्हणता येत नाही. मेक्सिको शहराची मेट्रो ४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. लान्स वायमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रत्येक स्थानकाला एक चित्रखूण दिली, कारण न वाचता येणारे प्रवासी तिथेही होते. चापुल्तेपेकला नाकतोडा, कारण त्या नावाचा अर्थच नाकतोड्याची टेकडी. मर्सेद या बाजाराच्या स्थानकाला सफरचंदांची पेटी. त्याआधी व्हिएन्नात ओटो नॉयराथ आणि चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ यांनी कामगारांना आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची एक भाषाच घडवली होती. म्हणजे १९७० च्या त्या पोथीच्या आधीच दुसरी परंपरा हजर होती. पोथी चकचकीत छापली जाते, आणि परंपरा बाजूला पडते.

आता पालघर जिल्ह्याकडे या. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. डहाणू-तलासरी-जव्हारचा हा वारल्यांचा मुलूख. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून सगळे जग उभे करणारी त्यांची चित्रभाषा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस. गेरूवर तांदळाचा पांढरा, म्हणजे विरोधाचा धडा पुन्हा तोच. ऑटल आयशरने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेली खेळाडूंची चिन्हे शाळेत शिकवतात. वारली बायका लग्नाचा चौक लिहिताना माणसाला त्याच काटकसरीने कधीच काढत आल्या होत्या. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली नक्षी आता भिंतीवर, साडीवर, कपावर आहे. सार्वजनिक भिंत रंगवायची झाली की तारपानाच काढतात. पण त्याच भाषेत वाट दाखवावी असे कोणाच्या मनात येत नाही. वारल्याची रेघ शोभेला घेतली, आणि वारली माणसाला वाचक म्हणून मात्र वगळले. या कौतुकाने माझे समाधान होत नाही.

लोकलगाडी एप्रिल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत आली. तिच्याबरोबर बायकांच्या डब्यावरची खूणही आली: तिरके पट्टे आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचे तोंड. २०१८ मध्ये पश्चिम रेल्वेने काही डब्यांवर तो पदर काढून कोट घातलेली बाई आणली. त्याचे आधुनिकता म्हणून स्वागत झाले. पदर काढला याचे मला दुःख नाही. पदर हाही कुलीनतेचा दंडक होता. पण सातपाटीहून पाटी घेऊन निघालेल्या मासळीवालीचा या कोटाशी काय संबंध? एका वर्गाची बाई उतरवून दुसऱ्या वर्गाची चढवली. डबा ओळखायचे काम तेव्हाही पट्टे करत होते, आजही पट्टेच करतात.

चित्र आधी आणि अक्षर नंतर, हे शासनाला अमान्य आहे असेही नाही. मरणाचा प्रश्न आला की ते मान्य होते. तारापूरच्या वसाहतीतून रसायनांचे टँकर चिल्हारच्या रस्त्याने जातात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे त्यांच्यावरच्या फलकात रसायनाचे नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, वर्गाचा आकडा १०० मिलिमीटर, आणि ज्वाळेचे किंवा कवटीचे चित्र असलेला चौकोन २५० मिलिमीटरचा लागतो. नावाच्या पाचपट चित्र! मग जी बाई कवटी ओळखू शकते असे नियम मानतो, ती स्थानक ओळखू शकणार नाही असे का धरायचे? रेल्वे मंडळाने २०२३ मध्ये स्थानकांवरील फलकांसाठी नवी मार्गदर्शिका काढली. तिच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक स्थानकाला खूण देण्याचा विचार व्हावा.

खुणा सुचवणे अवघड नाही. डहाणूला चिकू, पालघरला सातपाटीचा पापलेट, वाणगावला मिरची. घोटाळा बोईसरला होतो. बाहेरचा माणूस ज्याला तारापूर म्हणतो ते बरेचसे बोईसर आहे. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्राला आणि त्या औद्योगिक वसाहतीला नाव तारापूरचे. उतरायचे मात्र बोईसरला. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. मग बोईसरची खूण काय? अणुभट्टीचा घुमट, कारखान्याची चिमणी, की उठलेल्या गावाची होडी? हे मुंबईच्या कार्यालयात ठरू नये. मसुदे आधी फलाटावर न्यावेत: मासळीवालीपुढे, भाजीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या वारली बायकांपुढे, रात्रपाळीला उतरणाऱ्या बिहारी-उडिया मजुरांपुढे, पुनर्वसन वसाहतीतल्या म्हाताऱ्यांपुढे. जी खूण पाहूनही त्यांना शेजाऱ्याला विचारावे लागेल ती खोडून पुन्हा काढावी.