खरखर आणि खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यावर मी सात वर्षांपूर्वी एक छोटा लेख लिहिला होता. एका स्मरणिकेत तो छापून आला, दोन-चार ओळखीच्यांनी बरा म्हटला आणि विषय तिथेच संपला. त्या लेखात मी खाँसाहेबांच्या आवाजाला 'किनरा' असे विशेषण लावले होते. त्या किनरेपणातून त्यांच्या गाण्यातली करुणा कशी जन्म घेते, यावर चांगला परिच्छेदभर मजकूर खर्ची घातला होता. तो परिच्छेद मी आज मागे घेत आहे. खाँसाहेबांचा आवाज उंच होता, बारीक होता, नाजूक होता, हे खरेच आहे. पण मी ज्याला किनरेपणा म्हटले तो त्यांच्या गळ्यातला नव्हता. तो माझ्या कॅसेटमधला होता.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा रेल्वे स्टेशनवर वारले. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. आज त्यांच्या गाण्यावर लिहिणाऱ्यांपैकी कोणीही त्यांना समोर बसून ऐकलेले नाही. आपण सगळे तबकडीवर लिहितो. बहुतेक जण तर तबकडीवरही नाही. तबकडीवरून एलपी, एलपीवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या नकलेवर लिहितात. (तबकडी हा शब्द आपला मराठी वाटतो खरा, पण त्यातले 'तबक' अरबीतून फारसीमार्गे आले आहे. मुस्लिम मराठी लेखकाला असे शब्द भेटले की उगीच बरे वाटते.)

गालिबच्या दीवानाच्या वेगवेगळ्या नुस्ख्यांवर उर्दूत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. तुकोबांच्या गाथेतल्या पाठभेदांवर मराठीत विद्वानांनी आयुष्ये घालवली. कुठल्या प्रतीतला पाठ आपण वाचत आहोत हे न सांगता कोणी गालिबवर लिहिले, तर त्याला आपण जाणकार म्हणणार नाही. गायकाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. कॅसेट लावली, ऐकली, लिहिले. मीही तेच केले.

ती कॅसेट अब्बांची. अब्बा एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते, म्हणजे हिशेबनीस. दिवसभर मागांच्या खडखडाटात बसणाऱ्या माणसाला रात्री इतके हलके गाणे का लागे, हे मला लहानपणी कळत नसे. कॅसेटमध्ये झिंझोटीतली 'पिया बिन' ही ठुमरी होती, भैरवीतली 'जमुना के तीर' होती आणि मध्येच मराठी 'चंद्रिका ही जणू' होते. अब्बांना मराठी वाचायला येई, बोलताना अडखळत; पण ते पद लागले की ते टेपचा आवाज थोडा वाढवीत. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या माझ्या कानावर पडलेले ते पहिले नाट्यपद. मानापमान नाटकातले आहे, हे मला कॉलेजात कळले. कॅसेटच्या कागदावर तसे काही नव्हते. कुठल्या सालचे ध्वनिमुद्रण, साथीला कोण, मूळ तबकडी कोणाची, यातले काहीच नव्हते. खाँसाहेबांचे एक चित्र होते, रागांची नावे होती आणि किंमत होती.

पुढे नोकरी लागल्यावर मी जुन्या तबकड्यांच्या नादी लागलो. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर तासन्‌तास उभे राहण्याची सवय लागली. तिथे एकदा खाँसाहेबांची एक ओडियन तबकडी मिळाली, 'पिया बिन'चीच. कडेपासून दोन बोटे आत तडा गेलेला. त्यामुळे स्वस्तात.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. खाँसाहेब दोनदा ध्वनिमुद्रणाला बसले, असे ढोबळपणे म्हणता येईल. पहिल्यांदा १९०५च्या सुमारास, ऐन तारुण्यात. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भोंग्यात तोंड घालून जोरात गायचे आणि सुईने ते मेणावर कोरायचे. दुसऱ्यांदा १९३० नंतरच्या दशकाच्या मध्याला, ओडियन कंपनीसाठी. १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले होते, त्यामुळे या वेळी त्यांना ओरडावे लागले नाही. आपण ज्यांना खाँसाहेब म्हणून ओळखतो ते या दुसऱ्या खेपेचे, साठी ओलांडलेले आणि मृत्यूच्या दोन-तीन वर्षे अलीकडचे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. भीमसेन जोशींनी लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गाणे शिकायला घर सोडले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तीन मिनिटांत हे घडू शकते.

माझी तडा गेलेली तबकडी वाजवायची कशावर? एलपीच्या सुईवर ती वाजवू नये. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या जवळपास तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन धूळ चाळत बसते आणि स्वर भिंतींवर राहून जातो. आमच्या गल्लीत एका वयस्कर चाचांकडे चावीचा ग्रामोफोन आहे. शुक्रवारी आमच्याकडचे माग बंद असतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मी तबकडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. चाचांनी चावी दिली, पोलादी सुई नवी घातली आणि तबकडी फिरू लागली.

पहिली गोष्ट जाणवली ती खरखर. दुसरी गोष्ट तड्याचा टिक-टिक आवाज, दर फेऱ्याला एक. तिसरी गोष्ट, आवाज खाली होता. म्हणजे माझ्या कानात वीस वर्षे मुरलेल्या 'पिया बिन'पेक्षा हा षड्ज खाली, चाल सावकाश आणि गळा मोठ्या माणसाचा. मी चाचांना म्हटले, "चाचा, चावी कमी पडतेय का?" त्यांनी काही न बोलता मला खिशातले घड्याळ दिले आणि तबकडीकडे बोट दाखवले. तड्याचे ठोके मोजायचे. एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर.

घरी आलो आणि कॅसेट लावली. नशीब असे, की ज्या तबकडीवरून ती कॅसेट निघाली होती तिच्यावरही कुठेतरी एक चरा होता. गाण्याच्या मध्यावर तो पंधरा-वीस सेकंद ऐकू येतो. लहानपणापासून तो मी ऐकत आलो होतो, मोजला कधीच नव्हता. मोजला आणि मिनिटाला हिशेब लावला, तर ब्याऐंशी आले. मग एलपी काढली. एलपीवर तीच बाजू तीन मिनिटे दहा सेकंदांची, कॅसेटवर तीन मिनिटे एक सेकंदाची. नऊ सेकंद गेले कुठे? टेप उतरवताना यंत्र पाच टक्क्यांनी पळाले होते. वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर अर्ध्या स्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीने चढतो. माझे खाँसाहेब वीस वर्षे जवळपास एक पट्टी वर गात होते.

वेग बदलला तरी स्वरास्वरांमधले अंतर बदलत नाही. गंधार गंधारच राहतो. बिघडते ते दुसरेच. गळ्याचे वय कमी होते, छातीतला स्वर डोक्यात जातो, मींड घाईची वाटते, ठुमरीतली आर्जवाची जागा लाडिक होते. मी ज्याला किनरेपणातून जन्मणारी करुणा म्हटले होते ती अशी तयार झाली होती. मूळ गाण्यातली करुणा याहून भारदस्त आहे. तिच्यात हट्ट नाही.

अठ्ठ्याहत्तर हा आकडाही वेदवाक्य मानू नये, हे इथेच कबूल करतो. त्या काळी सगळ्या तबकड्या बरोबर अठ्ठ्याहत्तरवर कोरल्या जात नव्हत्या. दोन-तीन फेऱ्या इकडे-तिकडे होत. चाचांच्या ग्रामोफोनचा भोंगा खालचा स्वर खाऊन टाकतो. तेव्हा अस्सल खाँसाहेब मला सापडले, असा माझा दावा नाही. कॅसेट चुकीची होती, एवढे मात्र मी पुराव्याने सांगू शकतो आणि तो पुरावा मला चऱ्याने दिला.

म्हणूनच सीडीवर माझा राग आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे असतो. गेले शतक संपता संपता खाँसाहेबांच्या तबकड्या त्या हक्कातून मोकळ्या झाल्या आणि कोणालाही त्या पुन्हा काढता येऊ लागल्या. माझ्याकडे अशा तीन सीडी आहेत. तिन्हींच्या वेष्टनावर आवाज 'स्वच्छ' केल्याचे अभिमानाने छापले आहे. स्वच्छ म्हणजे काय? खरखर मुख्यतः वरच्या कंपनसंख्येत असते, तिथे चाळणी लावली की ती जाते. पण तंबोऱ्याची झंकार, 'स'-'श'चे उच्चार, श्वास घेतल्याचा आवाज, हे सगळेही तिथेच राहते. एका सीडीवरच्या 'चंद्रिका'तला 'च' असा बोथट झाला आहे, की गायक दात काढून ठेवून बसल्यासारखे वाटते. दुसऱ्या सीडीत खरखर काढल्यावर जी पोकळी राहिली ती भरायला कोणीतरी घुमारा घातला आहे. खाँसाहेब विहिरीत गात आहेत. आणि चरा तर कुठेच नाही. मोजायला काही ठेवलेलेच नाही.

तिसऱ्या सीडीची तऱ्हा आणखी वाईट. तबकडीचे भोक मध्यावरून केसभर सरकले असले, तर प्रत्येक फेऱ्यात स्वर वरखाली होतो. सेकंदाला सव्वा वेळा. उतरवणाऱ्याने तबकडी हाताने मध्यावर आणून बसवायची असते. इथे तसे केलेले नाही. लांबवलेला षड्ज डुलतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, तेव्हा श्रुती मोजण्यासाठी ज्यांच्या गळ्याचा आधार घेतला ते हे खाँसाहेब. ज्याचा स्वर मोजमापाला चालला, तो माणूस या सीडीवर कापऱ्या आवाजाचा म्हातारा वाटतो. नवीन ऐकणारा तसेच समजेल आणि मी केले तसे कदाचित लिहीलही.

हे वेड फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकन जाझचे संग्राहक एकाच गाण्याच्या पाच-पाच आवृत्त्या घेऊन बसतात, याचे मला पूर्वी हसू येई. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ची, जगभर गाजलेली तबकडी. तिच्या पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण करणारे यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे वाजवताना ती बाजू किंचित चढी वाजे. ती दुरुस्त होऊन बाजारात यायला १९९२ साल उजाडले. तेहेतीस वर्षे लोक त्या तबकडीबरोबर वाजवून सराव करीत आणि आपलेच वाद्य उतरले असे समजत! तिथे मूळ टेपची दुसरी प्रत जपून ठेवलेली होती, म्हणून दुरुस्ती झाली. इंग्लंडमध्ये जॉन आर. टी. डेव्हिस नावाचे एक सॅक्सोफोनवादक जुन्या जाझ तबकड्या टेपवर उतरवीत. ते एकेका चऱ्याची जागा टेपवर शोधून तेवढाच लेप पात्याने खरवडून काढीत. बाजूच्या स्वराला धक्का लावीत नसत. चाळणी आणि पाते यांतला फरक हाच.

आपल्याकडे असे काम करणारे अगदीच नाहीत असे नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. मायकेल किनियर या परदेशी अभ्यासकाने २००३ साली खाँसाहेबांच्या तबकड्यांची चरित्रासह सूची प्रसिद्ध केली. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी तर गुरूचे भलेथोरले चरित्र मराठीतच लिहून ठेवले आहे. म्हणजे माहिती आहे. ती कॅसेटच्या कागदावर आणि सीडीच्या वेष्टनावर पोहोचत नाही, एवढेच.

आणि ती पोहोचली असती तर अब्बांना काय काय कळले असते! उत्तरेतल्या कैराना गावचा हा मुसलमान गवई १९१३ साली पुण्यात शाळा काढतो आणि तिचे नाव 'आर्य संगीत विद्यालय' ठेवतो. मराठी नाट्यपद गातो. त्यागराजांची खरहरप्रियातली कृती तेलुगूत गाऊन तबकडीवर ठेवतो. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या त्याच्या मुली, सवाई गंधर्व हा त्याचा शिष्य. यातली एक ओळ जरी त्या कागदावर असती, तर उर्दू माध्यमातल्या एका मुलाला 'चंद्रिका' हे कॅसेटमध्ये चुकून शिरलेले गाणे वाटले नसते.

गेल्या महिन्यात कॅसेट प्लेअरचा वेग कमी करायचा स्क्रू सापडला. पाठीमागे, मोटारीच्या भोकात असतो. चरा मिनिटाला अठ्ठ्याहत्तर येईपर्यंत तो फिरवला आणि अब्बांना ऐकवले. ते पूर्ण तीन मिनिटे दहा सेकंद ऐकून म्हणाले, "बेटा, बॅटरी उतर गई है क्या?"