‘चंदू चॅम्पियन’ : उपेक्षित सुवर्णपदकाचे चित्रण

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक होय. पुढे २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांच्या ऑलिम्पिक यशाचा ‘देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्ण’ असा गौरव होताना ‘ऑलिम्पिकमधील’ हे विशेषण अनेकदा गळाले. त्यासोबत पेटकरांची ३६ वर्षांपूर्वीची कामगिरीही विस्मृतीत राहिली.

कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) हा चित्रपट ही उणीव भरून काढू पाहतो. अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार घेऊन वृद्ध नायक पोलीस ठाण्यात येतो, ही कथनाची चौकट समर्पक आहे. दिव्यांग खेळाडूचा सन्मान हा दयेचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न आहे, हे तीतून ठसते.

मात्र कुस्ती, मुष्टियुद्ध आणि १९६५ चे युद्ध यांना चित्रपटात मोठा अवकाश मिळतो. जलतरण उत्तरार्धात येते. पायांची साथ नसताना केवळ हातांच्या बळावर पाण्यात समतोल व वेग कसा साधला जातो, याचे चित्रण त्रोटक राहते. परिणामी नायकाची जिद्द मनावर ठसते, परंतु त्याचे क्रीडाकौशल्य दुय्यम ठरते.

पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये, तर अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी लाभला. जिद्दीचे कौतुक सुलभ असते. क्रीडेतिहासात विक्रमाची विक्रम म्हणून नोंद होणे, हीच खरी दखल होय.