मोर्स, सॅम्युएल फिन्ली ब्रीझ

(२७ एप्रिल १७९१–२ एप्रिल १८७२). अमेरिकन चित्रकार व विद्युत् तारायंत्राचा एक संशोधक. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील चार्ल्सटाउन येथे. येल महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर (१८१०) तो चित्रकार वॉशिंग्टन ऑल्स्टनबरोबर इंग्लंडला गेला व लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकला. तेथे ऐतिहासिक चित्र हाच कलेचा सर्वोच्च प्रकार, अशी त्याची धारणा बनली. १८१५ मध्ये मायदेशी परतल्यावर मात्र त्याला उदरनिर्वाहासाठी व्यक्तिचित्रेच रंगवावी लागली.

‘द हाउस ऑफ रेप्रिझेंटेटिव्ह्‌ज’ (१८२२-२३) या भव्य चित्रात ऐंशीहून अधिक व्यक्ती आहेत. तथापि खरा प्रभाव जाणवतो तो सभागृहाच्या वास्तूचा आणि दीपप्रकाशाचा. त्यात नाट्यमय प्रसंग नसल्याने प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली. लाफाएतच्या व्यक्तिचित्रात सायंकाळच्या आकाशाची पार्श्वभूमी व वॉशिंग्टन आणि फ्रँक्लिन यांचे अर्धपुतळे यांमुळे व्यक्तिचित्राला इतिहासाची उंची लाभली आहे. त्या कामानिमित्त तो वॉशिंग्टन शहरी असताना न्यू हेवनला त्याची पत्नी निवर्तली (१८२५). पत्र मिळून तो घरी पोहोचेपर्यंत दफनविधीही उरकला होता.

‘गॅलरी ऑफ द लूव्ह्‌र’ (१८३१–३३) हे त्याचे सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्र होय. लूव्ह्‌रमधील ३८ निवडक चित्रांच्या लघुप्रतिकृती त्याने एकाच दालनात मांडल्या. या मांडणीत अभ्यासूपणा आहे, भावनेची उत्कटता नाही. परंतु जे यूरोपला जाऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत तेथील कला पोहोचविण्याची तळमळ तीत स्पष्ट दिसते. न्यू यॉर्कमधील प्रदर्शनात हे चित्रही अपयशी ठरले.

१८३२ मध्ये ‘सली’ या जहाजावरून परतताना विद्युत् तारायंत्राची कल्पना त्याला सुचली. कॅपिटॉलच्या घुमटाखालील भित्तिचित्राचे काम १८३७ मध्ये नाकारले गेल्यावर त्याने हळूहळू चित्रकला सोडली. त्यामुळे तारायंत्र हे त्याच्या कलेतील अपयशाचे फळ मानले जाते. हे मत अपुरे आहे. कल्पना आधीची होतीच, शिवाय पहिले यंत्रच कॅनव्हास ताणण्याच्या लाकडी चौकटीवर उभारलेले होते. ब्रिटिश तारायंत्रातील सुया क्षणभर हलून खूण दाखवीत; मोर्सच्या यंत्रातील पेन्सिल सरकत्या कागदी फितीवर रेषा उमटवी. संदेशाला दृश्य व टिकाऊ रूप देण्याची ही दृष्टी चित्रकाराची होती. पुढे तारायंत्रचालक केवळ आवाजावरून संदेश ओळखू लागले व ती रेषा अनावश्यक ठरली.

जोसेफ हेन्रीचे संशोधन आणि लेनर्ड गेल व आल्फ्रेड व्हेल यांचे साहाय्य यांवाचून २४ मे १८४४ रोजीचा वॉशिंग्टन–बॉल्टिमोर संदेश शक्य नव्हता. श्रेय वाटून घेण्यात मोर्स मात्र अनुदार होता. माणसांमधील अंतर कमी करणाऱ्या या संशोधकाने गुलामगिरीचे समर्थन केले, ही त्याच्या चरित्रातील मोठी विसंगती होय. चित्रकलेनेच आपल्याला सोडले, अशी खंत त्याने १८४९ मध्ये कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरला कळविली होती. ‘गॅलरी ऑफ द लूव्ह्‌र’ १९८२ मध्ये साडेबत्तीस लाख डॉलरना विकले गेले. न्यू यॉर्क येथे तो निधन पावला.