राजकीय कल मोजणारी सदोष फूटपट्टी

'तुमचा राजकीय कल कोणता?' हे सांगणाऱ्या प्रश्नावल्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत. वरच्या वर्गातील मुले त्या हौसेने सोडवतात आणि 'मी डावा निघालो', 'मी उजवी निघाले' असे सांगतात. जणू तापमापीत पारा चढला! मग या उपकरणाला मोजमापाचे नियम लावून पाहायला काय हरकत आहे?

२००१ साली सुरू झालेली 'पोलिटिकल कंपास' ही प्रश्नावली घ्या. तिच्यात ६२ विधाने आहेत. प्रत्येकाला पूर्ण सहमत, सहमत, असहमत किंवा पूर्ण असहमत यांपैकी एकच उत्तर द्यायचे. 'सांगता येत नाही' हा पर्याय नाही. ज्या विषयावर आपण कधी विचारच केलेला नाही, त्यावरचे आपले 'मत'ही हिशेबात धरले जाते. शेवटी आर्थिक आणि सामाजिक अशा दोन अक्षांवर एक बिंदू मिळतो.

खरी गोम बेरजेत आहे. समजा, अशाच एका प्रश्नावलीत चार प्रश्न आहेत आणि उत्तरांना +२, +१, -१, -२ असे गुण आहेत. एकीचे गुण +२, -२, +२, -२ आणि दुसरीचे -२, +२, -२, +२. दोघींची बेरीज शून्य. म्हणजे एकाही प्रश्नावर ज्यांचे पटत नाही, त्या दोघी आलेखावर एकाच बिंदूवर! दोघींनाही 'मध्यममार्गी' हे लेबल चिकटते. त्यांची मते मात्र हरवतात.

जर्मनीत २००२ पासून वापरला जाणारा 'वाल-ओ-मात' यापेक्षा प्रामाणिक वाटतो. पक्षांनी स्वतः दिलेली उत्तरे आणि आपली उत्तरे किती जुळतात, एवढेच तो सांगतो. प्रश्न गाळण्याची मुभाही देतो. प्रश्नांच्या निवडीचा परिणाम तिथेही असतोच. पण माणसाचा स्वभाव मोजल्याचा दावा नसतो.

शब्दरचनेचा परिणाम वर्गातच तपासता येईल. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन गट करा. एका गटाला 'गणवेश सक्तीचा असावा' हे विधान द्या, दुसऱ्याला 'गणवेश सक्तीचा नसावा' हे. उत्तर फक्त सहमत किंवा असहमत. पहिल्या गटातील 'सहमत' आणि दुसऱ्या गटातील 'असहमत' यांची टक्केवारी साधारण सारखी यायला हवी. दोन्हीकडे 'सहमत'च जास्त आले, तर होकार देण्याची आपली सवयही मोजली गेली असे समजावे. एका वर्गातील फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून चार-पाच वर्गांची आकडेवारी एकत्र करा.

पंधरा-सोळाव्या वर्षी मते घडत असतात. त्या वयात मुलाने 'मी कोण' हे अशा बिंदूवरून ठरवू नये. 'हा बिंदू आला कसा?' असे त्याने विचारले, तर विज्ञानाचा तास सार्थकी लागला.